ग्रीक घड्यांवरून सुचलेली प्रिंट्स: घेताना नेमकं काय बघता?

रेघोटी (पणजी)

अझुलेजूंच्या (पोर्तुगीज रंगीत टाइल्स) धाग्यावर गाडी घसरत घसरत ग्रीक मडक्यांपर्यंत गेली आणि संपादकांनी "वेगळा धागा काढा" म्हणून दटावलं. काढला.

तर विषय असा. प्राचीन ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांवरून सुचलेली, आजच्या चित्रकारांनी मोजक्या प्रतींत छापलेली प्रिंट्स. मी ती जमवते. खरी भांडी जमवायची ऐपत नाही, आणि असती तरी त्या बाजाराच्या वाटेला गेले नसते. युफ्रोनिऑसने रंगवलेला तो प्रसिद्ध क्रेटर (वाइनमध्ये पाणी कालवायचं मोठं भांडं) आठवा, ट्रोजन युद्धात मेलेल्या सार्पेडॉनला निद्रा आणि मृत्यू दोघं मिळून उचलताहेत तो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९७२ साली दहा लाख डॉलर मोजून घेतला. पुढे निघालं की इटलीत चेर्वेतेरीजवळच्या थडग्यातून चोरून उकरलेला माल आहे. २००८ मध्ये मुकाट परत करावा लागला. एवढ्या मोठ्या म्युझियमची ही गत, तिथे आपण कुठे लागतो! प्रिंटचं बरं असतं. नवीन काम, खाली सही, आणि पैसे गेलेच तर जिवंत चित्रकाराच्या खिशात जातात.

सध्या इन्स्टाग्रामवर या प्रकाराचा नुसता सुळसुळाट आहे. केशरी जमीन, काळी माणसं, वर-खाली ती चौकोनी वळणांची ग्रीक पट्टी, की झालं 'ग्रीक'. शिरस्त्राण घातलेला योद्धा स्कूटरवर, अँफोऱ्याच्या (दोन कानांचा उंच घडा) पोटावर मांजर, असलं बरंच. गंमत म्हणून मलाही आवडतं. पण दहा-पंधरा हजार मोजायची वेळ आली की मी विषय नंतर बघते, रेघ आधी बघते. ती रेघ हाताने कशी उमटली आहे?

कारण त्या भांड्यांची सगळी मजाच रेघेत आहे. ब्लॅक-फिगर, म्हणजे काळ्या आकृत्यांची पद्धत इसवी सनापूर्वी सातव्या शतकात कॉरिंथमध्ये सुरू झाली आणि अथेन्सने ती पार कळसाला नेली. आकृती आधी मातीच्या लेपाने भरीव भरायची. मग भाजण्याआधी टोकदार हत्याराने लेप कोरत डोळा, दाढी, कापडाच्या चुण्या काढायच्या. कोरलं तिथे खालची माती दिसते. लिनोकटचा (लिनोलियमचा तुकडा कोरून केलेली छाप) हिशेब हाच, ठेवलं ते काळं आणि कोरलं ते जमिनीचं. हात घसरला की संपलं, मागे फिरता येत नाही. व्हॅटिकनमध्ये एक्झेकियास या चित्रकाराचा अँफोरा आहे, ट्रोजन युद्धातले वीर अकिलीस आणि अजाक्स सोंगट्या खेळत बसलेत तो. त्यांच्या झग्यांवरची केसाएवढी नक्षी बघितली की लिनो कोरणाऱ्या कुणाच्याही पोटात गोळा येईल.

इसपू ५३०-५२०च्या सुमारास अथेन्समध्ये उलटा डाव आला, तो रेड-फिगर. आता मागची जमीन काळी, माणसं मातीच्या रंगात मोकळी सोडलेली, आणि अंगावरच्या मुख्य रेघा दाट लेपाने ओढलेल्या. ही रेघ भांड्यावर चक्क उभी राहते, बोटाला लागते, तिरक्या उजेडात तिची सावली पडते. आता एचिंग आठवा. पत्र्यावरच्या खाचेत शाई भरायची आणि ओलसर कागद प्रेसमधून दाबून काढायचा. कागदावर शाई उंचवट्याने येते. बोट न लावता नुसता टॉर्च आडवा धरला तरी कळतं.

माझ्याकडे बडोद्याच्या एका चित्रकर्तीचा लिनोकट आहे, २५ प्रतींतला. ग्रीक लोक वाइनच्या पसरट प्याल्यावर बाहेरून दोन मोठे डोळे काढायचे, प्याला तोंडाला लावला की समोरच्याला मुखवटा दिसतो. त्या प्याल्याचं चित्र. काळ्या भागाच्या कडेला शाई किंचित दाबून बाहेर सरकली आहे आणि तिथे एक बारीक गडद किनार बसली आहे. डाव्या डोळ्याभोवतीच्या मोकळ्या जागेत कोरणीने न उचललेले दोन-तीन ओरखडे तसेच छापून आलेत. तिने ते मुद्दाम राहू दिले असणार, कारण उजवीकडे एकही नाही. या ओरखड्यांसाठी मी पैसे दिले.

बोला आता. तुम्ही काय बघता?

सुशेगाद

पहिला प्रतिसाद माझा! भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आमच्या जुन्या गोव्यात उतरला, आणि प्रिंट घ्यायला लोक बडोद्याला जातात. चालू द्या.

डिचोलीकर

रेघोटीताई, लेख झकास. एक भर घालतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं तो काळा रंग म्हणजे ग्लेझ (काचेसारखी झिलई). मी कुंभाराच्या घरातला, मला मडकं दिसलं की आधी भट्टी दिसते.

तो ग्लेझ नाही, रंगही नाही. माती तीच, नुसती गाळून गाळून अगदी बारीक केलेली. लोखंडाचा अंश दोन्हीकडे आहे. भट्टी तीन टप्प्यांत चालवायची. आधी हवा खेळती ठेवून तापवायची, सगळं लाल होतं. मग साधारण ९०० अंशांच्या वर झरोके बंद करून ओली लाकडं टाकायची. आत प्राणवायू उरत नाही, घडा आणि लेप दोन्ही काळे पडतात. याच वेळी बारीक मातीचा लेप वितळल्यासारखा होऊन घट्ट बसतो. शेवटी पुन्हा हवा सोडायची. घड्याची माती सच्छिद्र, ती प्राणवायू घेऊन परत लाल होते. लेपात हवा शिरतच नाही, तो काळाच राहतो.

म्हणजे दोन रंग दिसतात पण माती एकच, आणि चित्रकाराला काम करताना काळा-लाल फरक फारसा दिसतही नसणार! आमच्या आव्यात हे जमायचं नाव नको. उघड्या आव्यात हवेवर ताबाच नसतो. बंद भट्टी लागते आणि झरोक्यापाशी बसलेला माणूस लागतो.

कोथरूडचा_पाहुणा

वाखुसा (वाचनखूण साठवली). डिचोलीकरांचा प्रतिसाद तर वेगळा लेख व्हावा.

शंका: खाली पेन्सिलीने ७/५० असं असतं ते मला कळतं. पण एका ठिकाणी ए.पी. होतं, एका ठिकाणी एच.सी. विकणारा म्हणाला ए.पी. जास्त दुर्मिळ म्हणून दीडपट किंमत. खरं का? आणि १/५० हा ४९/५० पेक्षा भारी असतो का?

रेघोटी (पणजी)

@कोथरूडचा_पाहुणा

ए.पी. म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ, चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती. रिवाज असा की आवृत्तीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असाव्यात. ५० प्रती आणि वर १८ ए.पी. असतील तर मी सरळ विचारते की बाबा, आवृत्ती ५०ची की ६८ची? एच.सी. म्हणजे विक्रीसाठी नसलेली प्रत, दाखवायला दिलेली. ती विकायला आली असेल तर कशी आली हे विचारायचं. बी.ए.टी. ही छापणाऱ्याला नमुना म्हणून मंजूर केलेली प्रत, बहुधा एकच. दीडपट किंमतीला यातलं काहीही कारण पुरत नाही. छाप तीच असते.

क्रमांकाचं म्हणाल तर लिनोकट, स्क्रीनप्रिंट (जाळीतून शाई दाबून काढलेलं), लिथो (शिळाछाप) यांत १ आणि ४९ सारखेच. सह्या करताना गठ्ठ्यातला कोणता कागद आधी हाती लागला एवढाच त्याचा अर्थ. ड्रायपॉइंटमध्ये मात्र फरक पडतो. तिथे सुईने पत्रा थेट ओरबाडलेला असतो, खाचेच्या कडेला धातूची बारीक धार उठते आणि ती शाई धरते, त्यामुळे रेघ मखमली येते. प्रेसच्या दाबाखाली ती धार लवकर झिजते. आधीच्या छापा दाट, नंतरच्या कोरड्या. म्हणून ड्रायपॉइंटच्या आवृत्त्या मुळातच लहान असतात.

झुवारी

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका.

छापण्याचा शोध लागला तो एकाचे हजार करायला. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईला शिळाछापाचा छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. आमच्या आजीच्या देवघरात अजून एक आहे. तिच्यावर कुणी ७/५० लिहिलं नव्हतं. आता तुम्ही मुद्दाम ५०वर थांबता, ठसा मोडून टाकता आणि भाव वाढवता. हा कलेचा नाही, टंचाईचा धंदा झाला. त्यात विषय कुठला, तर अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक. गोव्यातल्या भिंतीवर अकिलीस कशाला? इथे पेडण्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी (लाल मातीचा थर खरवडून काढलेली चित्रं) आहे, ती कुणी बघत नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासतात.

मास्तर_फोंडा

झुवारी यांचे कावीबद्दलचे दुःख रास्त आहे. परंतु विषय परका म्हणून सोडून देण्याआधी थोडा इतिहास पाहावा. घड्यांवरून छापचित्रे करणे ही आजची टूम नव्हे.

नेपल्सच्या दरबारात ब्रिटनचे वकील असलेले सर विल्यम हॅमिल्टन यांनी तेथे शेकडो घडे जमवले. १७६६-६७ पासून दांकार्व्हिल या गृहस्थांनी त्या संग्रहाचे चार मोठे ग्रंथ काढण्यास आरंभ केला. त्यांत घड्यांची रंगीत छापचित्रे होती आणि गोल पोटावरचे चित्र सपाट उलगडून दाखवले होते. इटलीत सापडतात म्हणून तेव्हा या घड्यांना सरसकट एट्रुस्कन (रोमनांच्या आधीच्या इटलीतील लोकांचे) समजत. इंग्लंडमध्ये मातीची भांडी घडवणारे वेजवुड यांनी १७६९ मध्ये आपल्या नव्या कारखान्याचे नाव त्यावरूनच एट्रुरिया ठेवले आणि उद्घाटनाच्या दिवशी घडवलेल्या घड्यांवर या ग्रंथातल्या छापचित्रांतील माणसे रंगवली. घड्यावरून छाप आणि छापेवरून पुन्हा घडा, असा हा फेरा आहे. हॅमिल्टन यांचा पहिला संग्रह १७७२ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला. दुसऱ्या संग्रहाचा काही भाग 'कोलोसस' जहाजातून इंग्लंडला जात असता १७९८ मध्ये सिली बेटांजवळ जहाज बुडाले. टिशबाइन यांनी त्या संग्रहाची नुसत्या बाह्यरेषांची कोरीव चित्रे आधीच छापून ठेवली होती, म्हणून निदान रेषा तरी वाचल्या.

मुलांना शिकवताना मी नेहमी सांगत असे, जॉन फ्लॅक्समन यांनी १७९३ मध्ये इलियड-ओडिसीची जी चित्रे केली, ती रंग नाही, छाया नाही, केवळ रेघ. ती शिकवण या घड्यांचीच.

सुशेगाद

मास्तर, शाळेत असताना तुम्ही असं शिकवलं असतं तर मी ड्रॉइंगच्या तासाला पळालो नसतो. (हलकं घ्या.)

मास्तर_फोंडा

तू पळत होतास म्हणूनच वर्ग शांत असे.

रेघोटी (पणजी)

मास्तर, उलगडून सपाट करण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा काढलात. घड्यावर चित्र वळतं, धावणारा माणूस कडेला जाऊन दिसेनासा होतो, भांडं फिरवलं की मागचा येतो. कागदावर ही सोय नाही. आजचे बरेचजण नुसता घड्याचा आकार काढून त्यात चित्र बसवतात, तिथेच काम पडतं. ज्यांना ही अडचण कळली आहे ते काहीतरी युक्ती काढतात. लांब आडवी पट्टी छापतात, किंवा एकच घडा तीन बाजूंनी तीन पत्र्यांवर.

@झुवारी, राग कसला. अर्धं मान्य. रविवर्मा प्रेसच्या चित्रांचं काम वेगळं होतं आणि ते त्यांनी चोख केलं. पण प्रत्येक मर्यादा बनावट नसते. रिडक्शन लिनोकट घ्या. एकाच लिनोवर आधी फिकट रंगासाठी कोरायचं, सगळ्या प्रती छापायच्या. मग त्याच लिनोवर पुढे कोरून पुढचा रंग. शेवटच्या रंगापर्यंत ठसा बहुतेक संपलेला असतो. ५१वी प्रत काढायची म्हटली तरी निघत नाही. पिकासोने १९५०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समध्ये राहत असताना, वालोरी गावातल्या आर्नेरा या मुद्रकाच्या मदतीने ही पद्धत गाजवली. त्यातले मद्यदेव बाखसचे उत्सव, बासरीवाले, नाचणारे बकरपाये बघा. त्याच गावात तो मातीची भांडीही रंगवत होता. त्याआधी १९३०-३७ मध्ये चित्रविक्रेता व्होलार्डसाठी केलेल्या शंभर एचिंग्जच्या मालिकेत तर कित्येक पत्र्यांवर फक्त उघडी रेघ आहे, भरणा नाही. रेड-फिगरवाल्यांनी मान डोलावली असती.

बनावट मर्यादा म्हणजे डिजिटल फाइल. काँप्युटरवर केलेलं चित्र इंकजेटवर काढायचं, त्याला झिकले म्हणायचं, १००वर थांबायचं. मशीन दमलेलं नाही, फाइल झिजलेली नाही. तिथे तुमचा टंचाईचा आरोप शंभर टक्के लागू. झिकले वाईट असं नाही, उत्तम कापसाच्या कागदावर पिगमेंट शाईने काढलेला दिसतो सुरेख आणि टिकतोही. फक्त त्याला लिनोकटच्या भावात घेऊ नका.

झुवारी

बरं, मग विकणारा 'स्क्रीनप्रिंट' म्हणून झिकले गळ्यात मारत असेल तर कळणार कसं? फोटोत सगळं सारखंच.

रेघोटी (पणजी)

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार वापरतात तसलं. सपाट केशरी भागावर टेकवा. इंकजेट असेल तर वेगवेगळ्या रंगांचे बारीक शिंतोडे दिसतात, केशरी म्हणून जे वाटलं ते पिवळ्या-किरमिजी ठिपक्यांचं मिश्रण निघतं. ऑफसेट पोस्टर असेल तर ठिपके नीट ओळीत, फुलांच्या पाकळ्यांसारख्या रचनेत. स्क्रीनप्रिंटमध्ये ठिपके नसतात, सलग शाईचा थर असतो, आणि काळा केशरीवर चढला आहे तिथे पायरी जाणवते. एचिंगला कागदावर पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन असतो. तो असून रेघ मात्र सपाट असेल तर कुणीतरी नुसता कोरा पत्रा दाबून शोभा आणली आहे असं समजा. हेही बघितलं आहे मी, एका ऑनलाइन दुकानातून आलेल्या पार्सलात. परत पाठवलं, पैसे मिळायला दोन महिने घासाघीस.

विकणाऱ्याकडे तिरक्या उजेडातला फोटो आणि कागदाच्या एका कोपऱ्याचा जवळचा फोटो मागायचा. देत नसेल तर विषय संपला. सर्टिफिकेटवर जाऊ नका, ते छापायला कितीसा खर्च.

कावीबद्दल वेगळं लिहिते, कारण तिथे माझं आणि तुमचं भांडणच नाही.

कोथरूडचा_पाहुणा

जाता जाता, आजचा एखादा नावाजलेला कुणी सांगा ना. पिकासो आपल्या आवाक्याबाहेर.

रेघोटी (पणजी)

लॉस एंजेलिसचा क्लिऑन पीटरसन बघा. काळी-पांढरी सपाट माणसं, एकमेकांवर तुटून पडलेली, रचना थेट ग्रीक पट्ट्यांची. बहुतेक स्क्रीनप्रिंट. हिंसा अंगावर येते, बैठकीच्या खोलीत लावायला घरचे परवानगी देतीलच असं नाही. मला स्वतःला त्याच्यातली रेघ थोडी थंड वाटते, पण घड्यावरची युद्धं ही देखणी नक्षी नाही, माणसं खरंच मरताहेत, हे त्याने ओळखलं आहे. तोही आता स्वस्त नाही म्हणा. नवख्याने आपल्याकडच्या कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं धुंडाळावीत. प्रिंटमेकिंगची पोरं ग्रीक, मिनोअन, मोहेंजोदडो सगळं उचलतात, आणि किंमत चार आकडी असते. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी हा कला महोत्सव असतो, तेव्हाही चित्रकार भेटतात. चित्रकाराशी बोलून घेतलेल्या प्रिंटची माहिती वेगळी शोधावी लागत नाही.

डिचोलीकर

कावीवर मीच लिहितो थोडं. चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर द्यायचा आणि ओल असतानाच लोखंडी काट्याने खरवडायचं, खालचा पांढरा चुना दिसतो. रेघोटीताईंनी वर ब्लॅक-फिगरचं सांगितलं ते आणि हे हाताच्या दृष्टीने एकच काम. फक्त तिकडे काळा लेप लाल मातीवर, इकडे लाल थर पांढऱ्या चुन्यावर. आणि इकडे भिंत सुकायच्या आत संपवायची घाई. कुणी या दोन्हींवर लिनोकटची जोडी केली तर मी पहिला गिऱ्हाईक. झुवारीसाहेब, चालेल ना?

झुवारी

कावीची असेल तर दोन प्रती माझ्या. अकिलीस तुमच्याकडेच ठेवा.

शंखपुष्पी (साळगाव)

बायकांच्या नजरेतून एक. ब्लॅक-फिगरमध्ये बाईचं अंग पांढऱ्या लेपाने भरायचे, पुरुषाचं काळंच. तो पांढरा लेप काळ्याइतका घट्ट बसत नाही, त्यामुळे कितीतरी घड्यांवर बायका झिजून गेल्या आहेत आणि बापये ठणठणीत. मी एका प्रदर्शनात एचिंग पाहिलं, चित्रकर्तीने हाच झिजलेला भाग घेतला होता. काळ्या योद्ध्यांच्या मधोमध बाईच्या जागी नुसता कागद, आणि तिथे शाईशिवाय दाबून उठवलेली बाह्यरेषा. समोरून दिसत नाही, वाकून बघावं लागतं. आवृत्ती बाराची होती, संपली होती. अजून चुटपुट आहे.

रेघोटी (पणजी)

शंखपुष्पी, हे भारीच! विषय आणि तंत्र एकमेकांत असे अडकलेले असले की मग किमतीचा वाद मिटतो माझ्यापुरता.

कोथरूडचा_पाहुणा

परदेशातून मागवायचं झालं तर कस्टमचं काय? आणि हल्ली '२४ तासांत जेवढे ऑर्डर करतील तेवढ्याच प्रती' असा प्रकार चालतो. ही मर्यादित आवृत्ती मानायची का?

रेघोटी (पणजी)

कस्टममध्ये मूळ कोरीवचित्रं, छापचित्रं, शिळाछाप यांना ९७०२ हा वेगळा क्रमांक आहे. अट अशी की ठसा चित्रकाराने पूर्णपणे हाताने केलेला हवा. यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक पद्धतीने केलेलं त्यात बसत नाही, म्हणजे झिकले आणि पोस्टर बाहेर. पाठवणाऱ्याला बिलावर तंत्र, आवृत्तीचा आकडा, वर्ष आणि 'हाताने छापलेलं मूळ प्रिंट' असं स्पष्ट लिहायला सांगा. नुसतं 'पोस्टर' लिहून पाठवलं तर पुढे समजावत बसावं लागतं. दर बदलत असतात, मागवण्याआधी ताजे बघून घ्या. आणि सपाट पाठवायला सांगा. नळीत गुंडाळून आलेला जाड कागद सरळ होता होत नाही, आणि शाईचा थर जाड असेल तर तडकतो.

२४ तासवाली आवृत्ती... वेळ मर्यादित आहे, प्रती नाहीत. तीन हजार ऑर्डरी आल्या तर तीन हजार. आवडलं तर घ्या, पुढे विकून फायदा होईल या आशेवर घेऊ नका. मी तर एकूणच त्या आशेवर घेऊ नका म्हणेन. या छोट्या आवृत्त्यांना पुन्हा विकायला आपल्याकडे बाजार असा नाहीच.

काचवाला (मडगाव)

सगळं वाचलं. सगळे बोलले घ्यायचं कसं, गोव्याच्या पावसात टिकवायचं कसं हे कुणी बोलेना. माझं फ्रेमचं दुकान आहे, आमच्याकडे प्रिंट येते ती आजारी पडल्यावरच, म्हणून सांगतो.

जून ते सप्टेंबर इथे हवेत ओल इतकी की कागद भाकरीसारखा फुगतो. प्रिंट काचेला चिकटवून फ्रेम केली असेल तर ओल काचेवर जमते, शाई काचेला धरते आणि मग सोडवताना चित्र अर्धं काचेवर राहतं. केशरी-काळ्या स्क्रीनप्रिंटमध्ये शाईचे थर जाड, त्यांना हे जास्त. म्हणून मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, आणि तोही आम्लमुक्त. साधा माउंट बोर्ड काही वर्षांत कडेने पिवळा पडतो आणि कागदावर तपकिरी चौकट उमटवतो. प्रिंट माउंटला सेलोटेपने लावायची नाही. जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, तीही फक्त वरच्या कडेला, म्हणजे कागद फुगला-आखडला तरी लोंबता राहतो. गिऱ्हाईक म्हणतं चारी बाजूंनी ताणून बसवा. बसवली की पावसात लाटा येतात.

मागे प्लायवूड नको, वाळवीला आमंत्रण. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे बटण लावा, भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळली पाहिजे. पश्चिमेच्या चिऱ्याच्या भिंतीवर तर पावसात काही लावूच नका, ती आतून घामेजते. एसी रात्री चालू दिवसा बंद, हे एसी नसण्यापेक्षा वाईट, कागद रोज फुगतो आणि आखडतो. फ्रेम न केलेल्या प्रिंट्स सपाट पेटीत, मध्ये ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या भरल्या की रंग बदलतात, ओव्हनमध्ये सुकवून परत वापरा. डांबराच्या गोळ्या टाकू नका. कसर लागली असं वाटलं तर आधी सगळं बाहेर काढून मऊ ब्रशने झाडा आणि पेटी तपासा.

आणि ऊन. काळा टिकतो, पण केशरी-लाल शाया उन्हात उडतात. मग तुमचा ग्रीक घडा फिकट गुलाबी होतो. अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक महाग आहे, पण प्रिंटच्या किमतीच्या मानाने काही नाही.

शंखपुष्पी (साळगाव)

काचवाले भाऊ, माझ्या एका फ्रेमच्या आत खालच्या कोपऱ्यात तपकिरी ठिपके दिसायला लागलेत. आत्ता ऑगस्ट चालू आहे. उघडून पुसू का?

काचवाला (मडगाव)

पुसू नका बाय. बुरशी ओली असताना घासली की कागदात बसते. आत्ता उघडलीत तर बाहेरची ओल आत जाईल. भिंतीवरून काढा, कोरड्या खोलीत उभी करून ठेवा, पंखा लांबून असू दे. चवथ होऊ द्या, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की दुकानात घेऊन या. येताना फ्रेम आडवी ठेवून आणा, आणि कोणत्या तंत्राची प्रिंट आहे ते माहीत असेल तर मागे चिठ्ठी लावा.